बत्तिसावा अर्ज

मोडी लिपीच्या कार्यशाळेला येणाऱ्या एकतीस जणांच्या गाड्या आणि खोल्या इतिहास विभागातल्या ऊर्जिताने चोख लावल्या होत्या. बत्तिसावा अर्ज मात्र तिला वाचताच येईना. सगळे रकाने मोडीतच भरलेले! कळत होतं ते फक्त वय: ८२.

"सर, काय लिहिलंय हे?"

विभागप्रमुखांनी चष्मा वर-खाली केला. "शिकवणारे पुढच्या आठवड्यात येतील, त्यांना विचारू. तोवर बाजूला ठेव."

"पण विश्रामगृहाला यादी आजच द्यायचीय. एकच खोली उरलीय."

सर चहाला निघून गेले. ऊर्जिताला काही राहवेना. कोण असतील हे? या वयात कुठून, कसे येणार? तिने शिकणाऱ्यांसाठी छापलेला बाराखडीचा तक्ता उलगडला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत बसली. तीनला नाव लागलं, दिनकर तावरे. चारला 'मुक्काम'पुढची ओळ लागली.

"खोलीचं मागाहून बघू. हे वाचणारं तिथे कुणी आहे का, ते आधी कळवा."

ती खुदकन हसली. शेवटची खोली तावऱ्यांच्या नावावर टाकली. मग पोस्टकार्डावर आडवी लांब रेघ ओढून तिच्याखाली वाकड्यातिकड्या मोडीत लिहिलं, "आहे. या."