उलटतपासणीची तालीम

“खोटं बोलता तुम्ही, बाई!” धर्मपाल वकिलांनी टेबलावर हात आपटला. “आधी तुमच्या वावरात बोर मारला. मग तांड्याची विहीर आटली. खरं ना?”

हंसाबाईचा चहा बशीत सांडला. एरवी ते तिला याडी म्हणत. तिच्या बंजारा बोलीत याडी म्हणजे आई.

ही नुसती तालीम होती. उद्या पुसदच्या कोर्टात टेकडी फोडून खडी काढणाऱ्या क्रशरवाल्याचा वकील तिला असंच पिळणार होता. टेकडीवर सुरुंग उडू लागले आणि विहिरीचे झरे बंद झाले. बोर त्यानंतरचा. हे धर्मपालांना पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीनंतर ते या टेकडीसाठी फुकट लढत होते. तांड्यातली बरीच पोरं क्रशरवरच कामाला. साक्षीला उभी राहिली ती एकटी हंसाबाई.

“नाही जी, विहीर आटली, मंग...”

“साल सांगा. महिना सांगा. नाही ना येत? मग कशाच्या भरवशावर शपथ घेता?”

तिनं पदर डोळ्यांना लावला. “असंन बा तसंच,” ती पुटपुटली.

धर्मपालांना जुना कैफ चढला. किती वर्षांनी असा साक्षीदार फोडला होता! त्या खुशीत ते एवढंच म्हणाले, “शाबास. जा आता, आराम करा.”

खोटं मी बोललो, तुम्ही नाही, हे तिला सांगायचं राहूनच गेलं. अंथरुणावर ते त्यांना टोचत राहिलं. सकाळी सांगू म्हणाले, तर कोर्टात पोचताच पुकारा झाला.

क्रशरवाल्याच्या वकिलाचा आवाज लोण्यासारखा मऊ. “आजी, विहीर कशानं आटली?”

हंसाबाईनं न्यायाधीशांना हात जोडले. “माह्या बोरनं, साहेब.”

धर्मपाल घाईनं उठले. “याडी, आधी काय झालं? नीट आठवा.”

“बोर. तुमाले तं मालूमच हाय.”

बाहेर व्हरांड्यात तिचा पुतण्या गुलाबसिंग खेकसला, “काय काकी, साक्ष फिरवायला क्रशरवाल्यानं लुगडं नेसवलं का?” तांड्याची माणसं तिला तिथंच सोडून निघाली. त्यांना थांबवायला धर्मपाल दोन पावलं मागं गेले, पण कुणी वळून पाहिलं नाही.

हंसाबाई मात्र ओझं उतरल्यासारखी त्यांच्या पायाशी वाकली.

“बरं झालं, काल तुमी रागावले वकीलसाहेब. नाहीतर मी सेवालाल महाराजाची शपथ घेऊन खोटं बोलली असती.”