न वाजणारं नाणं

नशिराबादचे नजीरभाई चांदीचे कारागीर. घरच्या चहातही साखर मोजून टाकायला लावणारा माणूस. पण रोमच्या पडत्या काळातलं चांदीचं नाणं दिसलं की हात सैल. खऱ्या-खोट्याची पारख मात्र जुनीच : दुकानाच्या फरशीवर नाणं टाकायचं आणि कान द्यायचा.

नवं घेतलेलं नाणं वाजलंच नाही. आपण फसलो, असं ते मनाशी म्हणताहेत तोच आतून बायको, रहिमाबी, आली.

"मिसबाहचे अब्बा, किती गोड वाजलं हो!"

तापात कान गेल्यापासून तिला नवऱ्याची हाकसुद्धा ऐकू येत नव्हती.

नजीरभाईंनी अल्लाचे उपकार मानले. नाण्यावर ज्या परक्या बादशहाचं तोंड होतं, त्याचेही मानले. मग रोज चहाच्या वेळी ते नाणं फरशीवर टाकत आणि ती हसत येई.

"नाणं टाकून बोलावता, मी काय गिऱ्हाईक आहे?"

"गिऱ्हाईक बरं, ते ऐकतं तरी," ते पुटपुटत.

काल दुपारी नाणं अजून त्यांच्या मुठीतच होतं. आतून रहिमाबीचा आवाज आला, "आले, आले."

ते आत डोकावले. चहाचा कप घेऊन, ओढणी सावरत रहिमाबी मागच्या दारातून रिकाम्या शेताकडे निघाली होती. कुणाशी तरी हसत होती. समोर कुणीच नव्हतं.

"रहिमा!"

हाक वाया गेली. त्यांनी सगळा जोर लावून नाणं फरशीवर आपटलं.

नाणं खणखणीत वाजलं. पहिल्यांदाच त्यांना ऐकू आलं.

रहिमाबीनं वळून पाहिलं नाही.