कड्यातली काळी माती

थाटीपुरातल्या एका घराची फरशी खालून आपोआप वर उचलली जाऊ लागली, तेव्हा अंबरीशने तिच्याखालची काळी माती आपल्या प्रयोगशाळेत आणली, लोखंडी कड्यात दाबून बसवली आणि तिच्यावर पाणी सोडलं. अशी माती पहिल्या दिवशी जोरात फुगते, मग थकत जाते. चौथ्या दिवशी, माती किती फुगली ते दाखवणाऱ्या डायलचा काटा थांबला.

आठव्या दिवशी दुपारी काटा चढला. उतरला. पुन्हा चढला.

"पद्माताई, हा माझ्या श्वासाबरोबर हलतोय!"

"टेबल हिलत असेल, और क्या! जरा दूर हो," पलीकडच्या टेबलावर काम करणाऱ्या पद्माताई म्हणाल्या.

अंबरीशने मागे सरून नाक-तोंड दाबून धरलं. काटाही थांबला.

मग काटा हळूहळू चढू लागला, आणि हाताखाली नाक-तोंड बंदच असताना अंबरीशची छाती फुगू लागली.