भिंगरी थांबली की पडते

"काकू, या बुटांतल्या मुली कुठे गेल्या?"

एवढं विचारून भिंगरीने डोळे घट्ट मिटले. विचारून दाखव, नाहीतर तू भित्री भागूबाई, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. फोनच्या वरच्या फळीवर धावायच्या बुटांचे तीन जोड मांडलेले होते. स्वच्छ धुतलेले, नाड्या बांधलेले.

घरमालकीण हसली. साठीची, काटकुळी बाई. "घरी गेल्या," ती तिच्या सावकाश इंग्रजीत म्हणाली. "पदकं नेली, बूट ठेवले. सामानात ओझं नको म्हणून."

"हात्तिच्या!"

"हात्... तिच्या?" घरमालकिणीने लगेच वही उघडली. "म्हणजे काय? पुन्हा म्हण."

'काकू' हा तिने शिकलेला पहिला मराठी शब्द. हा चौथा की पाचवा.

भिंगरीला अठरा पूर्ण होऊन दोनच महिने झाले होते. परदेशातल्या या तळ्याभोवतीच्या मॅरेथॉनसाठी सोडतीत तिचं नाव लागलं, तेव्हा घरात आठवडाभर महायुद्ध पेटलं. शेवटी बाबांनी अटी घातल्या. तीन आठवडे आधी जायचं, थंडी आणि चढ अंगवळणी पाडायचे. आणि रोज संध्याकाळी पाचला घरमालकिणीच्या फोनवर बोलायचं, कारण त्या खोऱ्यात मोबाइल मुका होता. एक दिवस आवाज ऐकू आला नाही, की बाबा पुढच्या विमानात.

शिवाय एक खूण होती. बाबा विचारायचे, "भिंगरी, थांबलीस का?" तिने म्हणायचं, "भिंगरी थांबली की पडते, बाबा!" काही संकट असेल तर नुसतं "हो, थांबले" म्हणायचं. ही खूण घरातल्या तिघांनाच माहीत होती. चौथ्या दिवशी तिने ती घरमालकिणीलाही सांगून टाकली. भिंगरीच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि घरमालकीण ऐकायची फार छान.

रोज सकाळी ती तळ्याच्या काठाने धावायची. पहिल्या रविवारी अठ्ठावीस किलोमीटर झाले आणि डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं. घरमालकिणीने मिठाच्या कोमट पाण्याचं घमेलं पुढ्यात ठेवलं आणि वही घेऊन समोर बसली.

"ळ म्हण," भिंगरी म्हणाली.

"ल."

"जीभ वळव. केळं. बाळ. लळा."

"लला. म्हणजे काय?"

"एखादं माणूस आपलंसं वाटायला लागतं ना, सोडवत नाही, तो लळा."

"लला," घरमालकीण पुन्हा म्हणाली आणि बोळातल्या आरशासमोर जाऊन जिभेकडे बघत बसली. भिंगरीचं पाणी थंड झालं तरी ती तिथेच होती.

टेकडीवर चढलं की मोबाइलला वाचा फुटायची आणि मैत्रिणींचे निरोप धबाधबा कोसळायचे. "विचारलंस?" "आहेस ना जिवंत?" "फळीवर जागा बघून ठेव, चौथा नंबर तुझा!" भिंगरीने उलट लिहिलं, "गप्प बसा गं, म्हातारी गोड आहे." पण उतरताना ती जरा जोरातच धावली. मागे कुणीही नव्हतं. तिने दोनदा वळून बघितलं.

एकदा मीठ शोधताना कपाटात तीन जाडजूड वह्या सापडल्या. तिन्हींतल्या लिप्या वेगळ्या.

"मागच्या मुलींनी शिकवलं," घरमालकीण म्हणाली. तोवर ती सगळं मराठीतच बोलायला लागली होती. "एकटीने वेळ कसा घालवायचा गं?"

भिंगरीला भरून आलं. त्या दिवसापासून तिने शिकवण्या दुप्पट केल्या. आईला लाडीगोडी कशी लावायची, बाबांना कोपरखळी कशी मारायची, सगळं. चौथी वही भरत आली.

तिसऱ्या आठवड्यात आई फोनवर म्हणाली, "सकाळी आवाज बसल्यासारखा वाटत होता गं तुझा. आता बरा आहे."

"सकाळी मी तळ्यावर होते, आई. कालचं आज आणि आजचं काल करतेस तू!"

"असेल बाई," आई म्हणाली.

शर्यत उद्यावर आली. छातीवर लावायचा क्रमांक खुर्चीवर इस्त्री करून ठेवलेला. वेळापत्रकात आज फक्त वीस मिनिटं हलकं धावणं होतं.

"तळ्यावर गर्दी असेल," घरमालकीण म्हणाली. "जुन्या खाणीकडून जा. वाट सपाट आहे, पाय राखले जातील. मीही येते चालत."

"चला काकू! पण पाचच्या आत परत यायचं हं. नाहीतर बाबा विमानात!"

"पाचच्या आत येणारच," घरमालकीण म्हणाली आणि खाली वाकून तिची सुटलेली नाडी बांधून दिली.

पाचला फोन वाजला.

"भिंगरी, थांबलीस का?" बाबांनी विचारलं.

"भिंगरी थांबली की पडते, बाबा!"

"शाब्बास! पाय कसे आहेत?"

"एकदम झकास. आईशप्पथ, उद्या उडणार मी! आईला पण बोलाव ना, एक सांगायचंय. रागावायचं नाही हं, आधी कबूल कर."

"अगं, काय झालं?" आईचा आवाज आला.

"मी ठरवलंय. शर्यत झाली तरी मी परत येणार नाही. इथेच राहणार."

"म्हणजे? का गं पोरी?"

घरमालकिणीने ओल्या बुटांचा चौथा जोड फळीवर सरळ लावला, वही मिटली आणि जीभ जराही न अडखळता रिसीव्हरमध्ये म्हणाली, "हात्तिच्या, रडतेस काय आई? काकूंना माझा लळा लागलाय."