बरंसाहेबांचं उत्तर

बायकोचं पत्र येऊन बावीस दिवस झाले होते आणि उत्तर अजून गेलं नव्हतं.

बरंसाहेबांना हे फार बोचत होतं. तेहेतीस वर्षं त्यांनी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली होती. आलेल्या कागदाला आठवड्यात उत्तर गेलं नाही, तर त्यांना घास गोड लागत नसे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं. कुणी रागावो, कुणी कौतुक करो, ते 'बरं' म्हणत. म्हणून बरंसाहेब.

थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून बायको पंधरा दिवसांसाठी तिच्याकडे गेली होती. त्याला दोन महिने होत आले. मग हे पत्र. 'ताई म्हणते, मागची खोली कायमची तुझी. महिनाअखेर तिला काय ते सांगायचं आहे, नाहीतर ती भाडेकरू ठेवणार. तुम्हाला मी घरात हवी आहे का? लिहून कळवा. फोन करू नका. फोनवर तुम्ही बरं म्हणता आणि ठेवता.'

काय लिहायचं ते त्यांना पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. कसं लिहायचं ते ठाऊक नव्हतं. एखादा शब्द वाकडा गेला आणि ती तिकडेच राहिली तर? या धास्तीने त्यांनी वाचनालय गाठलं. सुखी संसार, मनमोकळा संवाद, नाती कशी जपावीत, असा एक अख्खा कप्पा तिथे होता. बावीस दिवसांत त्यांनी नऊ पुस्तकं संपवली आणि धास्ती नऊपट वाढली. एक पुस्तक म्हणे, मन मोकळं करा. दुसरं म्हणे, स्वतःबद्दल बोलूच नका, समोरच्याचं ऐका. तिसऱ्याने जोडीदाराचे पाच गुण लिहायला सांगितले होते. त्यांनी लिहिले. वक्तशीर, नीटनेटकी, कामसू... वाचून पाहिलं तर हाताखालच्या माणसाबद्दल वरिष्ठांनी दिलेला शेरा! अकरावा खर्डा 'तुझ्या भावनांचा मी मनापासून आदर करतो' असा सुरू झाला होता. तो त्यांनी फाडला. तिने वाचला असता, तर आधी यांना ताप आलाय का म्हणून विचारलं असतं.

आज पंचवीस तारीख. पत्र पोचायला चार दिवस. नववं पुस्तक परत करायला ते वाचनालयाच्या टेबलाशी उभे राहिले.

"काका, आता हा कप्पाच घरी पाठवू का?" ग्रंथपाल मुलगी म्हणाली.

"आणखी एखादं आहे का? पत्र कसं लिहावं, असं?"

"कुणाला लिहायचंय?"

"घरगुती आहे." त्यांचे कान तापले.

"नाही हो, या विषयाचं संपलं सगळं. तुमच्या घरात तर हा कप्पा दुसऱ्यांदा वाचून झाला."

"दुसऱ्यांदा?"

"कार्ड तुमचं, पण पुस्तकं काकूच न्यायच्या ना. चार वर्षांत ही सगळी नेली त्यांनी."

दुपारी ती खिडकीशी वाचत बसायची, हे त्यांनी पाहिलं होतं. पुस्तकाला जुन्या कॅलेंडरचं कव्हर असायचं. काय वाचतेस, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"मी एकदा चेष्टेनं म्हटलं, काकू, घरात भांडण झालंय का? तर म्हणाल्या, भांडण झालं असतं तर सोनं झालं असतं गं. आमचे हे भांडतसुद्धा नाहीत." ती हसली. मग त्यांचा चेहरा पाहून तिने हसू आवरलं. हळू आवाजात म्हणाली, "बहिणीकडे जायच्या आदल्या दिवशी शेवटचं पुस्तक परत केलं त्यांनी. मी विचारलं, उत्तर सापडलं का काकू? म्हणाल्या, कुठल्याच पुस्तकात नाही. आता लांब जाऊन त्यांनाच विचारते."

बरंसाहेबांनी तिच्याकडून दोन कोरे कागद, एक पाकीट आणि पेन मागून घेतलं आणि तिथल्याच बाकावर बसून लिहायला सुरुवात केली. 'हवी आहेस' हे पहिलं वाक्य. मग लग्नानंतरच्या तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. ती कपडे वाळत घालताना गात होती आणि ते म्हणाले होते, हळू, शेजारी काय म्हणतील. त्यानंतर ती कधी गायली नाही. आपण तोंड उघडलं की काहीतरी मोडतं, हे त्यांनी त्या दिवशी मनाशी धरलं आणि तेव्हापासून फक्त बरं म्हणत राहिले. फोन ती ठेवायची वाट न पाहता ते ठेवून देत, कारण पुढचं वाक्य ओठांशी आलेलं असे. हेही लिहिलं. दोन्ही कागदांच्या चारही बाजू भरल्या. पाकिटाला डिंक लावून, पत्ता घालून, खिशातलं तिकीट चिकटवून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी आले.

हात पेटीच्या तोंडाशी अडला. तिने चार वर्षं यांच्यासाठी पुस्तकं वाचली होती. यांना ती हवी आहे का, हेसुद्धा तिनेच विचारलं होतं. अकरा खर्डे आणि हे पत्र, यात एक गोष्ट त्यांनी विचारलीच नव्हती. पाकीट उघडायला गेलं तर फाटणार होतं, आणि टपाल न्यायला आलेला माणूस सायकल टेकवून किल्ली शोधत होता.

पेन खिशातच राहिलं होतं. बरंसाहेबांनी पाकीट पेटीवर उलटं धरलं आणि पोस्टमनपासून आलेलं टपाल मोठमोठ्याने वाचणाऱ्या ताईपर्यंत कुणालाही दिसेल अशा ठसठशीत अक्षरात वर लिहिलं, 'आणि तुला मी हवा आहे का?' मग पत्र पेटीत टाकलं.