खुंटीवरचा पंप

फोनवरच्या बातमीखाली चार शब्द सुनावल्याशिवाय जुबेरच्या घशाखाली चहा उतरत नसे. अंजनगाव सुर्जीत त्याचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान होतं. हात कायम तेलकट, म्हणून तो फोन टेबलावर ठेवून नुसता बोलायचा आणि फोन ते लिहून घ्यायचा.

त्या दुपारी बातमी आली: आता ड्रोन फवारणी करणार, शेतकऱ्याच्या अंगाला औषधाचा थेंबही लागणार नाही.

"एसीत बसून अक्कल शिकवून राहिले," जुबेर कडाडला. "या ना इकडं, आमच्या कपाशीत उभे राहा!"

फोननं लिहिलं. जुबेर गप्प झाला, तरी फोन लिहीतच राहिला.

"जुबेरभाऊ, झाला का माहा पंप?"

दुकानात दुसरं कोणीच नव्हतं. खुंटीवर एक पंप होता, टाकीवर पांढऱ्या पेंटनं नाव टाकलेला: गुणवंत. तोच गळका पंप पाठीवर घेऊन फवारता फवारता गुणवंत कपाशीत कोसळला होता. तेरवी झाल्यावर त्याची बायको पार्वताबाई तो इथं ठेवून गेली. "घरात नको मले," एवढंच बोलली.

जुबेरनं ओळ खोडली. ती पुन्हा उमटली. खाली आणखी एक आली.

"पाठ भिजून राहिली."

खोडताना तेलकट बोट घसरलं आणि ते सगळं बातमीखाली जाऊन पडलं. आता लोक टर उडवतील, म्हणून तो बघत बसला.

धारणीच्या कोणीतरी उत्तर दिलं, "माही बी."

मग अकोल्याच्या कोणीतरी. "माही बी."

मग एकाखाली एक, तेच दोन शब्द. थांबेचनात.

जुबेरनं उठून पंप चाचपला. टाकी ठणठणीत कोरडी होती. त्याचा स्वतःचा सदरा मात्र पाठीला चिकटला होता, आणि त्याला औषधाचा वास येत होता.