किड्याचं बारसं

ज्या वर्षी म्हाताऱ्याच्या थोरल्या मुलाला मुलगी झाली आणि तिचं नाव रोतुआ ठेवलं, त्याच वर्षी तोबा तळ्यातल्या पिंजऱ्यांत पाळलेले मासे गुदमरून मरू लागले. म्हाताऱ्याला गाव तेव्हापासून ओम्पु रोतुआ, म्हणजे रोतुआचा आजा, म्हणू लागलं. नातवंड झालं की तिथे माणसाचं मूळ नाव कुणी तोंडात आणत नाही.

जावाहून आलेल्या संशोधक बाईंनी त्याच्या माशाचे कल्ले सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्या हरखल्या. "आजोबा, हा किडा जगात आजवर कुणी पाहिलेला नाही!"

"मी त्याचे प्रताप रोज बघतोय. औषध सांगा."

"आधी नाव, मग औषध. तुमचंच नाव देते. काय म्हणतात तुम्हाला?"

"ओम्पु रोतुआ," म्हाताऱ्यानं रीतीप्रमाणे सांगितलं. बाईंनी ओम्पु गाळलं आणि उरलेलं लिहून घेतलं.

सहा वर्षांनी नाव छापून आलं. औषध आलं नाही. काठावरच्या बायका म्हणू लागल्या, "आमच्या माशांत रोतुआ शिरली गं, पिंजरे ओस पाडले मेलीनं!" पोर दिसली की वर्गातली मुलं नाक दाबून पळत. ती शाळेत जाईना.

म्हाताऱ्यानं बाईंना फोन लावला. "माझं खरं नाव मांगिहुत. ते घाला."

"छापलेलं नाव आता बदलता येत नाही हो, आजोबा."

मग भेटेल त्याला तो सांगत सुटला, "तो किडा माझ्या नावाचा आहे, पोरीच्या नाही. मला मांगिहुत म्हणा." एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला तसं म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही.

ओम्पु रोतुआ गेल्या ऑगस्टच्या नऊ तारखेला वारला.